काळी स्क्रीन

घरी जोडलेला कॉम्प्युटर पहिल्याच दिवशी मुका बसला की माणसाचा धीर सुटतो. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच!

बिदर जिल्ह्यात भालकीला माझी बहीण असते. भाच्याने शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि डीडीआर५ रॅमचा कॉम्प्युटर स्वतः जोडला. मी तिथेच होतो. दोन मिनिटं झाली, तीन झाली... "गेले रे पैसे," बहीण पुटपुटली. भाच्याचा हात बटणाकडे गेला. म्हटलं, "थांब, हात लावू नको." पाचव्या मिनिटाला बोर्डाचं नाव उमटलं.

मंडळी, हा बिघाड नव्हे. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५चा वेग एवढा, की सिग्नल नेमका कुठल्या क्षणी आणि किती व्होल्टेजला वाचायचा हे बोर्ड आधी पुन्हा पुन्हा तपासून ठरवतो. २०२२ साली आलेल्या एएमडीच्या एएम५ बोर्डांवर हा अनुभव बऱ्याच जणांनी घेतला. मध्येच बंद केलं तर पहिल्यापासून सुरुवात. एकदा जुळलं की ते आकडे साठवता येतात, मग पुढच्या वेळी एवढी वाट पाहावी लागत नाही.

बिदरी कारागीरही असंच करतात. जस्त-तांब्याच्या भांड्यात चांदी जडवतात आणि किल्ल्यातली माती व नवसागर घालून ते काळं करतात. भांडं काळं पडतं, चांदी तेवढी झळकते. काळं झालं म्हणून कोणी भांडं टाकत नाही.

तेव्हा धीर धरा. आणि हो, पहिल्यांदा सुरू करताना यूपीएस लावा. मधेच वीज गेली, तर पुन्हा तीच प्रतीक्षा!