पिंजऱ्याच्या अर्जावर सही करण्याआधी

ओतूर, ता. जुन्नर
पौष वद्य पंचमी

चि. मनूस,


तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. बिबट्या कंपाउंडच्या भिंतीवरून उतरतो, दोन गाड्यांच्या मधून चालत जातो, आणि संपलं. पुरता अर्धा मिनिटही नाही. सोसायटीनं वनखात्याकडे पिंजऱ्यासाठी अर्ज करायचं ठरवलंय, सेक्रेटरी म्हणून पहिली सही तुझी, आणि 'मामा, तुम्ही बिबट्यांच्या गावात राहता, तुम्हीच सांगा' असं तू लिहिलंस. फोनवर हे नीट बोलणं झालं नसतं, म्हणून कागद घेतला.

आधी परवाची गोष्ट सांगतो. या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्रीची आहे, म्हणून उसाला दारं धरायला गेलो होतो. हातात काठी आणि बॅटरी, मोबाइलवर मोठ्यानं भजन लावलेलं. एकदा बांधावरून गेलो, दार मोडलं आणि त्याच वाटेनं परत आलो. कुठं काही हललं नाही. उजाडल्यावर बघतो तर ओल्या चिखलात माझ्या चपलेच्या ठशावर त्याचा ठसा! म्हणजे मी पुढं आणि तो मागं. शेजारच्या सरीत पाचट दबलेलं होतं, तिथं तो बसून होता. मी दार मोडत होतो तिथून ती जागा आठ-दहा पावलांवर. हे जनावर मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशातच टाकतं. एकदा चाचपलेल्या जागीच दुसरं पाऊल पडतं, काटकी मोडत नाही. वाळलेल्या पाचटात मला तसं दोन पावलं चालून दाखव, मग बोलू.

मनू, ताकद, दात, नखं हे सगळं खरं, पण बिबट्याची खरी विद्या म्हणजे माणसाशेजारी राहून माणसाला न दिसणं. तुम्हाला तो दिसला तो कॅमेऱ्यामुळे. त्याआधी किती वर्षं तो त्याच भिंतीवरून उतरत असेल, कोणास ठाऊक.

तो आमच्या शेतात आला कसा? कुकडीच्या कालव्याचं पाणी आलं, बाजरीच्या जागी ऊस आला. वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा, आत गारवा असलेला, माणूस सहसा शिरत नाही असा फड. आमच्याकडच्या कित्येक बिबट्यांचा जन्मच उसात झालेला आहे, डोंगर त्यांना परका. त्यामुळे ऊसतोड आली की पंचाईत होते. गेल्या हंगामात शेजारच्या फडात बीडची टोळी तोड करत होती, तेव्हा कोयत्याखाली तीन पिल्लं निघाली, मांजराएवढी. मुकादमानं काम थांबवलं. वनखात्याची माणसं आली, पिल्लं तपासली आणि संध्याकाळी क्रेटमध्ये घालून अगदी त्याच जागी ठेवली. आम्ही लांब, घराच्या पत्र्यावर जाऊन बसलो. खाली नुसता अंधार. पहाटे वनखात्यानं तिथं लावलेल्या कॅमेऱ्यात पाहिलं, तर आईनं क्रेट पंजानं कलंडवला होता. एकाला मानेला धरून नेलं, परत आली, दुसरं नेलं, परत आली. तीन खेपा. आमच्या भागात असं अनेकदा करतात, आणि बहुतेक वेळा आई येते.

आता तुझ्या अर्जाचं. पिंजरा लागेल, बिबट्या सापडेलही. पण पुढं काय? दूर नेऊन सोडतील, असंच ना तुमच्या मनात? ते आम्ही करून बसलोय. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे. मग बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलात सोडायची मोठी मोहीम निघाली आणि हा आकडा वर्षाला १७ वर गेला. अनोळखी मुलूख, पिंजऱ्यात बसलेले धक्के, आणि तिथं आधीच ठाण मांडून बसलेले दुसरे बिबटे. बिथरलेलं जनावर आणखी काय करणार?

शिवाय ते परत निघतं. २००९ साली टाकळी ढोकेश्वरला विहिरीत एक वयस्क नर सापडला होता. स्वभावानं शांत, म्हणून वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला 'आजोबा' नाव दिलं, गळ्यात जीपीएस पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडलं. आजोबा तिथं थांबलेच नाहीत. कसारा स्टेशनाजवळ रूळ ओलांडले, आग्रा हायवे ओलांडला, वसईची खाडी पोहून पार केली आणि महिनाभराच्या आत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोचले. वाटेत एकाही माणसाला ओरखडा नाही. मूळचा तो तिकडचाच असावा, असा अंदाज बांधला गेला. खाडी पार करून तो चढला ते नागल्याचं जंगल तुमच्या घोडबंदर रोडलाच लागून आहे. म्हणजे तुमचा टॉवर त्याच्या वाटेवर आहे, तो तुमच्या नव्हे. पुढं २०११ च्या डिसेंबरात अहमदाबाद हायवेवर गाडीनं त्याला उडवलं. अंगातल्या चिपवरून ओळख पटली.

मी बिबट्याचा वकील नाही. आमच्या तालुक्यात लेकरं गेलीत, त्या घरांत जाऊन मी बसलोय. माणसावर उठलेलं जनावर पकडायलाच हवं आणि ते पुन्हा सोडू नये, याबद्दल माझं दुमत नाही. पण भिंतीवरून उतरून निघून गेलेल्याचा गुन्हा काय?

तो येतो कशाला, हे बघ. अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासली, तर त्यांच्या पोटात गेलेल्या भक्ष्यात वजनानं ३९ टक्के कुत्री निघाली. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच, कारण शेळ्या रात्री गोठ्यात असतात. तुझ्या व्हिडिओत डाव्या कोपऱ्यात कचऱ्याचे डबे उघडे आहेत आणि भोवती पाच कुत्री आहेत. मी मोजली.

तेव्हा अर्ज बाजूला ठेव. डब्यांना झाकणं आण, मागच्या गेटला दिवा लाव, अंधार पडल्यावर मुलांना मागं एकटं खेळू देऊ नका. सभेत हे पत्र वाचून दाखवलंस तरी चालेल. जावईबापूंना नमस्कार, छोट्याला पापा.

तुझा,
मामा

ता. क. गेल्या महिन्यात मळ्यातल्या विहिरीला कठडा बांधून घेतला.