तिसरं सील

नोव्हेंबरात आमच्या निफाड तालुक्यात पहाटे साडेपाचला मिस्त्रीचा फोन वाजला, की पलीकडे द्राक्षवाला असतो. कांदेवाला नऊपर्यंत दम धरतो. द्राक्षवाल्याला धरवत नाही. ऑक्टोबर छाटणी होऊन गेलेली असते, घड बाहेर पडलेले असतात, रात्री चार थेंब पडून गेलेले असतात आणि डाऊनी रोगाच्या धाकानं माणूस अर्धी रात्र आभाळाकडे बघत बसलेला असतो. अशात फवारणीचा ब्लोअर फिरायचा थांबला, तर टाकीत कालवलेलं औषध आणि अंगणात उभा ट्रॅक्टर दोन्ही सारखेच निरुपयोगी.

“भाऊ, पुन्हा गळायला लागलं,” नाना म्हणाले.

“किती गळतंय?”

“खाली डबडं ठेवलंय. रात्रीतून निम्मं भरलं.”

मी उठून बसलो. ‘पुन्हा’ या शब्दावर नानांनी जोर दिला नव्हता, तरी मला तो नेमका लागला. त्या ट्रॅक्टरच्या पीटीओचं सील त्या वर्षात दोनदा बदललं होतं, आणि दोन्ही वेळा बदलणारा मीच होतो.

पीटीओला मराठी शब्द कुणी वापरत नाही, मीही वापरणार नाही. ट्रॅक्टरच्या मागे, दोन मोठ्या चाकांच्या मधोमध, सहा चरांचा एक लोखंडी दांडा बाहेर आलेला असतो, तो पीटीओ. सव्वा इंचापेक्षा जरासा जाड. पुस्तकी माप पस्तीस मिलिमीटर. इंजिनाची ताकद चाकांना द्यायची ती पुढे जायला. तीच ताकद या दांड्यातून मागच्या अवजाराला मिळते. ब्लोअर, रोटाव्हेटर, मळणीयंत्र, कडबाकुट्टी, सगळी यालाच जुंपायची. हा येण्याआधी ओढून न्यायचं यंत्र स्वतःच्याच चाकावरून ताकद घ्यायचं, म्हणजे चिखलात चाक घसरलं की यंत्र थांबलं. १९१८ साली अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरनं पीटीओ लावलेला ट्रॅक्टर बाजारात आणला आणि पुढच्या दहा वर्षांत तिथल्या कृषी अभियंत्यांनी बसून त्याची मापं ठरवली. मिनिटाला साधारण ५४० फेरे, मागून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. म्हणून आज पिंपळगावात घेतलेला ब्लोअर कुठल्याही रंगाच्या ट्रॅक्टरला लागतो. पुढे शाफ्टच्या टोकापासून ड्रॉबारच्या पिनेच्या भोकापर्यंतचं अंतरसुद्धा प्रमाण मापात आलं: चौदा इंच. हे चौदा इंच मला ठाऊक होते. त्या वर्षी ते दोनदा आठवायला हवे होते, तेव्हा आठवले नाहीत.

ऑगस्टात पहिल्यांदा गळालं, तेव्हा मी सरळ सील बदललं. सील म्हणजे रबराची एक कडी. आतल्या बाजूला ओठ, ओठामागे बारीक स्प्रिंग. शाफ्ट फिरत राहतो, ओठ त्याला चिकटून बसतो, तेल आत राहतं. दीड-दोनशे रुपयांची वस्तू, पण तिच्यामागे तीस-चाळीस लिटर तेल असतं, कारण गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक सगळ्यांचं तेल एकच. नवीन मुलं आधी ड्रेन बोल्ट खोलतात आणि तेवढं तेल धरायला भांडी शोधत फिरतात. माझ्या उस्तादानं शिकवलं ते वेगळं: ट्रॅक्टर उतारावर तोंड खाली करून उभा करायचा. मागची चाकं बांधाच्या चढावर. तेल आपोआप पुढच्या बाजूला सरकतं आणि मागचं हाऊसिंग उघडलं तरी तांब्याभरच सांडतं. नानांच्या मळ्यात असा उतार विहिरीजवळ आहे. चाकाखाली दोन दगड, हँडब्रेक, आणि चावी माझ्या खिशात.

चावीचं सांगतो. माझ्या एका मामाचं उपरणं मळणीच्या वेळी पीटीओच्या शाफ्टला गुंडाळलं होतं. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ. ‘अरे’ म्हणेपर्यंत नऊ वेढे. उपरणं जुनं, विरलेलं होतं, ते फाटलं म्हणून मामा वाचला. गळपट्टीचं हाड मोडलं तेवढं. मळणीयंत्रांनी इतके हात नेले की १९८३ साली दिल्लीला त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. कायदा यंत्रासाठी झाला, पण ट्रॅक्टर आणि यंत्र यांना जोडणाऱ्या शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर ग्रीस मारताना आड येतं म्हणून लोक पहिल्याच आठवड्यात काढून फेकतात. मी कव्हरशिवाय शाफ्ट बसवून देत नाही. दोन गिऱ्हाइकं त्यापायी सोडून गेली. जाऊ देत.

दुसऱ्यांदा गळालं दसऱ्यानंतर. त्या वेळी मी जास्त हुशारी केली. जुनं सील काढलं आणि शाफ्टवर नख फिरवलं. डोळ्याला न दिसणारी खाच नखाला सापडते. नख अडकलं. ओठ ज्या जागी घासत होता तिथे शाफ्टला बारीक कडं पडलं होतं. त्या कड्यात नवा ओठ कितीही चांगला असला तरी बसत नाही. शाफ्ट बदलायचा तर खर्च मोठा, म्हणून मी सील दोन मिलिमीटर कमी आत ठोकलं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर आला. चरांच्या कडांनी ओठ चिरू नये म्हणून शाफ्टच्या टोकाला कागदी टेप गुंडाळली, तेलाचं बोट फिरवलं, सील सरकवलं, टेप ओढून काढली. लाकडी ठोकळा ठेवून चारी बाजूंनी सारखं ठोकत नेलं. आवाज बदलतो, सील बसेपर्यंत पोकळ, बसलं की भरीव. काम झालं तेव्हा मी नानांना म्हणालो, “आता पाच वर्षं बघायला नको.”

शाफ्ट हातानं वरखाली हलवला होता तेव्हा. थोडा प्ले होता. सीझन चालू आहे, एवढा चालतो, असं म्हणून सोडून दिला. कारागीर खोटं बोलतो ते बहुतेक स्वतःशीच, आणि तेही घाईत.

तर आता तिसऱ्यांदा. पोचलो तेव्हा उजाडत होतं. ट्रॅक्टर विहिरीजवळच्या उतारावर नानांनी आधीच नेऊन ठेवलेला. माझा पोऱ्या हाऊसिंगचे बोल्ट सोडायला बसला आणि मी शाफ्ट धरून आधी वरखाली, मग आत-बाहेर हलवला. आत-बाहेर टक् असा आवाज आला. बोटांना कळेल एवढा, कानाला जेमतेम.

शाफ्टसकट बेअरिंग बाहेर काढलं, डिझेलमध्ये धुतलं, कानाजवळ धरून फिरवलं. खरखर. नंबर ६२०८. शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणायचं की आतलं भोक निघतं: आठ पंचे चाळीस मिलिमीटर. पोऱ्याला हे सांगितलं की तो दर वेळी नव्यानं खूश होतो. पण मी बघत होतो गोळ्यांची वाट. बेअरिंग नीट झिजतं तेव्हा गोळ्यांचा पट्टा रेसच्या मधोमध उमटतो. इथे पट्टा एका कडेला चढलेला, आणि कडेला रेस उडालेली. म्हणजे हा शाफ्ट कुणीतरी आत ढकलत होतं. एकदा नव्हे, रोज. गोळ्यांचं हे बेअरिंग फिरण्याचं वजन पेलतं. पाठीमागून लाथा खायला ते केलेलं नाही.

ढकलणार कोण? शाफ्टच्या मागे एकच वस्तू असते: ट्रॅक्टर आणि ब्लोअर यांना जोडणारा जॉइंट शाफ्ट. एका नळीत दुसरी नळी. अंतर वाढलं की लांबते, घटलं की आखडते. मी तो काढून दोन्ही तुकडे वेगळे केले. आतल्या चौकोनी नळीवरचं ग्रीस मुळापर्यंत पुसलेलं, लोखंड आरशासारखं चकाकत होतं, आणि टोक हातोडी मारल्यासारखं पसरलं होतं. नळी पूर्ण आखडून तळाला आपटत होती. पुढे आखडायला जागा उरली नाही, की तोच दांडा पहार होतो आणि पीटीओचा शाफ्ट ट्रॅक्टरच्या पोटात रेटतो.

“नाना, हा शाफ्ट नवीन घेतला का?”

“नाही. ब्लोअरबरोबरचाच आहे. चार वर्षं झाली.”

“मग काय बदललं?”

“काहीच नाही.”

मी टेप घेऊन खाली वाकलो. शाफ्टच्या टोकापासून पिनेपर्यंत दहा इंच. ड्रॉबार आत सरकवून पुढच्या भोकात अडकवलेला होता. नाना जरा थांबले, मग म्हणाले, “हां, ते होय. ते जुलैत केलं. शेवटच्या ओळीला वळत नव्हतं.”

“चार वर्षं वळत होतं की.”

“तेव्हा बांध तिकडं होता.”

त्यांनी हात केला तिकडे पाहिलं. जुन्या बांधाची खूण म्हणून एक बाभळीचं खोड होतं, आणि त्याच्या अलीकडे आठ-नऊ फुटांवर मोजणीचे नवे दगड. दोघा भावांची वाटणी झाली होती. मोजणीवाले आले, साखळी पडली, आणि द्राक्षाच्या टोकाला ट्रॅक्टर वळवायची जी मोकळी पट्टी होती तिच्यातली निम्मी धाकट्याकडे गेली. कागदावर बरोबरच असणार. पण ट्रॅक्टर आणि ब्लोअर मिळून जी लांबी होते ती कागदाला माहीत नव्हती. नानांनी आपल्या परीनं ती चार इंचांनी कमी केली. सरळ चालताना त्या चार इंचांचं काही बिघडत नव्हतं. टोकाला गच्च वळण घेताना नळी तळाला जायची. एकरात जितक्या ओळी तितकी वळणं, आणि प्रत्येक वळणाला बेअरिंगच्या पाठीत एक गुद्दा.

“पिन मागच्या भोकात घालू,” मी म्हणालो.

“मग चाक त्याच्या बांधावर जातं.” नाना थांबले. “एकदा गेलं होतं.”

यावर मी काही बोललो नाही. एकदा चाक गेल्यावर काय झालं असेल ते गावात मला कुणीतरी सांगितलं असतंच. मी विचारलं नाही. पोऱ्याला म्हणालो, “हॅक्सॉ आण.”

शाफ्ट कापणं दिसतं तेवढं सोपं काम नाही. ट्रॅक्टर-ब्लोअर जास्तीत जास्त वळवून उभे केले, म्हणजे अंतर सगळ्यांत कमी. शाफ्टचे दोन तुकडे एक ट्रॅक्टरला, एक ब्लोअरला लावून शेजारी शेजारी धरले आणि खडूनं खूण केली, वर इंचभर मोकळं सोडून. अडीच इंच कापायचे ठरले. आतल्या नळीतून जेवढे, बाहेरच्या नळीतून तेवढेच, आणि कव्हरातूनही दोन्हीकडे तेवढेच. एकच नळी कापली तर दुसरी आपटतच राहते. मग सरळ उभं करून उलट तपासणी: पूर्ण लांबल्यावर एक नळी दुसरीत किमान एक तृतीयांश राहते का? राहत होती. कापलेल्या कडांवरची बर कानशीनं काढली, आतली कड गोल कानशीनं. ही बर राहिली तर महिनाभरात नळी नळीला खाते. पोऱ्यानं कानस फिरवून “झालं” म्हटल्यावर मी आत बोट घालून पाहिलं, बोट चिरलं. पुन्हा घासायला लावलं.

जोडताना एक चूक नेहमी होते. चौकोनी नळी चारपैकी कशीही बसते, पण दोन टोकांचे योक एका रेषेत यायला हवेत. क्रॉसचा जॉइंट तिरका फिरला की एका फेऱ्यात दोनदा घाई करतो, दोनदा रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट रेषेत असेल आणि दोन्हीकडचा कोन सारखा असेल तर तो ही घाई आणि रेंगाळणं परत फेडून टाकतो. योक काटकोनात बसले तर दुप्पट होतं आणि अख्खा ब्लोअर थरथरतो. या जॉइंटला कार्डनचा म्हणतात, सोळाव्या शतकातल्या कार्दानो नावाच्या इटालियन वैद्य-गणितज्ञावरून. उस्तादाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ते म्हणायचे, “दोन्ही कान एका बाजूला.” तेवढ्यावर काम व्हायचं.

नवं बेअरिंग पिंपळगावहून येईपर्यंत नऊ वाजले. पितळी सुंब्यानं ते बसवलं, आतल्या रेसवर ठोकत. बाहेरच्या रेसवर ठोकलं तर गोळ्यांना मार बसतो आणि नवं बेअरिंग जन्मतःच जुनं होतं. लॉक बसला तेव्हा टिक् वाजलं. टेप, तेलाचं बोट, सील, लाकडी ठोकळा. मग नानांना एकच अट घातली: टोकाला वळताना पीटीओ बंद. ट्रॅक्टर डबल क्लचचा आहे. अर्धा दाबला की चाकं थांबतात, पूर्ण दाबला की पीटीओ. त्या वेळात लिव्हर ओढायला कितीसा वेळ लागतो?

“दर ओळीला?” नाना.

“दर ओळीला. आणि त्या वळणावर औषध तरी कुणाच्या बागेत जातं?”

यावर ते पहिल्यांदा हसले. औषध तेवढं धाकट्याच्या बागेत फुकट जात होतं, हे त्यांच्या आधीच लक्षात आलेलं असावं.

दोन टाक्या मारून आल्यावर मी सीलखालून बोट फिरवलं. कोरडं. शाफ्ट आत-बाहेर रेटला, हलला नाही. पोऱ्या हत्यारं पुसून पेटीत ठेवत होता. नाना पैसे मोजता मोजता थांबले.

“आणि आधीच्या दोन सिलांचं काय?”

“पहिलं तुमच्या वाटणीच्या खात्यावर टाका,” मी म्हणालो. “दुसरं माझ्या.”

नानांनी दोनशेची एक नोट काढून परत वरच्या खिशात ठेवली, उरलेले पैसे माझ्या हातात दिले आणि तिसरी टाकी भरायला गेले.