एकट्याचे चिलखत

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतो. नोकरीला बारा वर्षे झाली, दोन मुलांचा बाप आहे, आणि इशाची नमाज झाली की लॅपटॉप उघडून राक्षस मारत बसतो. ही गोष्ट आमच्या घरात अजून नीटशी कबूल झालेली नाही. बायको म्हणते, "बच्चे सो गए, अब बाप खेलने बैठे." अम्मीने मोहल्ल्यात सांगून ठेवले आहे की आमचा मुलगा रात्री शाळेचे ऑनलाइन काम करतो. अम्मीचा हा गैरसमज मी आजवर दूर केलेला नाही.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंटरनेटवर एक मोठी काल्पनिक दुनिया असते. जगभरातले हजारो लोक एकाच वेळी तिच्यात वावरतात. प्रत्येकाचे एक पात्र असते. ते लढते, कामे करते, आणि बदल्यात त्याला तलवार, ढाल, चिलखत, बूट मिळतात. या सगळ्या सामानाला खेळणारे 'गिअर' म्हणतात. चांगले गिअर मिळाले की अधिक कठीण शत्रू मारता येतो, तो मेला की त्याहून चांगले गिअर मिळते. जिना चढावा तसे. वाद एवढाच की एकट्याने खेळणाऱ्याला हा जिना कुठपर्यंत चढू द्यायचा. ऐकायला पोरकट वाटेल. मलाही वाटत होते. पण गेल्या वर्षी स्टाफरूममध्ये एका मुलाच्या फॉर्मवरून बोलाचाली झाली, आणि रात्रीचा तो वाद दिवसा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

पण आधी सुरुवात सांगतो. २००७ साली मी सोलापुरात कॉलेजला होतो. बसस्टँडजवळच्या एका सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन 'रूनस्केप' हा खेळ खेळायचो. तो ब्राउझरमध्येच चालायचा, सीडी लागत नव्हती, आणि त्याचा बराच भाग फुकट होता. आमच्यासाठी हे फार महत्त्वाचे होते. त्या फुकट भागात रून नावाच्या निळसर धातूचे चिलखत सर्वात भारी समजले जाई. ते अंगावर चढवायचे तर बचावाची पातळी ४० लागे आणि एल्वार्ग नावाचा ड्रॅगन मारावा लागे. नकाशाचे तीन तुकडे जमवा, जुने जहाज घेऊन डागडुजी करा, आगीपासून वाचवणारी ढाल मिळवा, मग क्रँडॉर बेटावर जा. मित्र वाटेपर्यंत सोबत करू शकत, सल्ला देऊ शकत, पण ड्रॅगन ज्याचा त्यालाच मारावा लागे. मी दोनदा मेलो. तिसऱ्या वेळी ड्रॅगन मरणाला टेकला होता आणि लोडशेडिंगची वेळ झाली. कॅफेवाल्याने "पंधरा मिनिटांचे पैसे परत घे" म्हणून पाच रुपये हातावर ठेवले. चौथ्या वेळी मारला. त्या निळ्या चिलखताचा आनंद मला बी.एड.च्या निकालालाही झाला नाही, हे मी घरी बोललेलो नाही.

तेव्हा हे काही कळत नव्हते, आता कळते की त्या खेळाने माझ्याशी इन्साफ केला होता. परीक्षा कठीण होती, पण परीक्षेला बसायला चाळीस दोस्त आणा अशी अट नव्हती.

ती अट दुसऱ्या खेळात भेटली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये आला, तेव्हा त्यातल्या मोठ्या मोहिमांना चाळीस माणसे लागत. अशा मोहिमेला 'रेड' म्हणतात आणि ती करणाऱ्या टोळीला 'गिल्ड'. एक सरदार मेला की हाती मोजक्याच वस्तू पडत आणि वाटेकरी चाळीस. म्हणून गिल्डवाले चक्क हजेरीचे गुण ठेवत. जो नियमित येईल, ज्याचे गुण अधिक, त्याला वस्तू आधी. ही पद्धत त्याआधीच्या, १९९९ सालच्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळात निघाली होती आणि तिला 'ड्रॅगन मारल्याचे गुण' असेच नाव होते. पुढे माणसांची संख्या कमी होत गेली. २००७ मध्ये चाळीसाचे पंचवीस आणि दहा झाले. २०११ च्या अखेरीस अनोळखी लोकांची आपोआप टोळी जमवून देणारी सोय आली, पण तिथले गिअर हलके. सर्वात कठीण रेडला २०१४ साली बरोबर वीस माणसांची अट ठरली. सर्वात भारी चिलखत त्या विसांच्या दाराआड.

लॉकडाउनमध्ये ऑनलाइन वर्गासाठी लॅपटॉप घेतला तेव्हा मी या खेळात शिरलो आणि युरोपच्या सर्व्हरवर एका गिल्डमध्ये दाखल झालो. लोक भले होते. अडचण घड्याळाची होती. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले हिवाळ्यात साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. तिथून तीन तास. ऑस्ट्रेलियाच्या सर्व्हरवर जावे तर त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपली दुपार, आणि दुपारी माझ्यासमोर नववी 'ब' बसलेली असते. रमजानमध्ये मात्र युरोपची वेळ छान जुळली. तरावीह आटोपून यायचे, अडीचपर्यंत लढायचे, मग सहरी. असे दोन आठवडे चालले. तिसऱ्या आठवड्यात सकाळच्या शाळेत त्रिकोणाचे क्षेत्रफळ सांगता सांगता फळ्याला टेकून माझा डोळा लागला. मुलांनी हाक मारली नाही. गुपचूप बसून राहिली, रोजा आहे म्हणून. त्या शांततेनेच मी जागा झालो. इतकी शरम मला नोकरीत कधी वाटली नव्हती.

त्या दिवसापासून रेडला माझी गैरहजेरी वाढली. गिल्डच्या म्होरक्याने सभ्य शब्दांत लिहिले की तुम्ही खेळता चांगले, पण येत नाही. माझे नाव यादीतून गेले. मला राग आला, पण फार वेळ टिकला नाही. मी स्वतः वर्गशिक्षक आहे. पंचाहत्तर टक्के हजेरी नाही म्हणून पालकांना बोलावणारा मीच. वीस माणसांची वेळ जमवणे, कोण आजारी, कोण रुसला, वस्तूवरून कोणाचे भांडण, हे सगळे तो माणूस विनापगारी सांभाळत होता. सहलीच्या वेळी पन्नास मुलांची मोजणी करताना माझा जीव कसा होतो ते मला ठाऊक आहे. तेव्हा टोळीने लढणाऱ्यांना काही जास्त मिळावे, हे मी मानतो.

मग एकट्याची तक्रार काय? त्याला कमी मिळते ही नाही. त्याला उशिरा मिळते हीही नाही. एकट्याने शंभर रात्री घालवाव्यात आणि विसांनी दहा, चालेल. तक्रार ही की जिना मध्येच तोडलेला असतो. शंभर नव्हे, हजार रात्री घातल्या तरी वरची पायरीच नाही. शिवाय इथे एक वर्तुळ आहे. टोळीत घेण्याआधी म्होरके तुमच्या गिअरचा आकडा विचारतात. आकडा कमी म्हणून टोळी नाही, आणि टोळी नाही म्हणून आकडा कमी. बी.एड. झाल्यावर मी मुलाखतींना जायचो तेव्हा अनुभव किती असे विचारत. अनुभव नोकरीशिवाय कुठून आणू, हे संस्थाचालकांना विचारायची सोय नव्हती.

आता स्टाफरूमची गोष्ट. एका मुलाने आठवीनंतर शाळा सोडली. वडिलांना दम्याचा आजार, हा यंत्रमागावर रात्रपाळीला जाऊ लागला. दोन वर्षांनी माझ्याकडे आला, म्हणाला, "सर, दसवी करना है." मी १७ नंबरचा फॉर्म भरायचे ठरवले. शाळेत न येता बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा हा फॉर्म आपल्या बोर्डात सर्वांना माहीत आहे. त्यावरून आमच्या एका ज्येष्ठ सरांनी विषय काढला. म्हणाले, "आपली पोरं पावसापाण्यात रोज येतात. हा घरी बसून पास होणार, आणि सर्टिफिकेट दोघांना सारखंच? मग रोज येण्याला किंमत काय राहिली?"

हेच वाक्य मी इंग्रजीत कितीदा वाचले होते. एकट्याने चांगले गिअर मिळवले की रेडवाले अगदी हेच म्हणतात. सोप्या वाटेने मिळालेल्या चिलखतांना तिकडे 'वेलफेअर एपिक्स' असे टोमण्याचे नाव पडले आहे. आपल्या भाषेत खैरातीची हत्यारे.

मी सरांना म्हणालो, "सर, त्याचा पेपर सोपा काढणार आहे का बोर्ड?" ते म्हणाले, "नाही." "तपासणी सैल?" "नाही." "मग खैरात कुठं आली? उलट त्याला शिक्षक नाही, तास नाही, बाकावर शेजारी कोणी नाही." सर गप्प झाले, पण पटले नाही. चहा आला आणि विषय बदलला. खरे सांगायचे तर त्यांच्या म्हणण्यात थोडे तथ्य होते. रोज येणाऱ्याला काही मिळालेच पाहिजे. पण ते सोबत, खेळ, स्नेहसंमेलन, जन्मभराचे दोस्त असे मिळते. सर्टिफिकेटच त्याच्यापुरते राखून ठेवायची गरज नाही. खेळातही तसेच करावे. टोळीला किताब द्या, दिमाखदार घोडा द्या, शहराच्या चौकात मिरवू द्या. ताकदीचा शेवटचा आकडा मात्र कुलपात ठेवू नका.

हे होऊ शकते, कारण झालेले आहे. माझा जुना रूनस्केप 'ओल्ड स्कूल' या नावाने २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि २०१८ पासून मोबाइलवरही आला. त्यात काही खेळाडू स्वतःवरच बंधन घालून घेत. कोणाकडून काही विकत घ्यायचे नाही, कोणाची मदत घ्यायची नाही. कंपनीने २०१४ मध्ये त्यांच्यासाठी 'आयर्नमॅन' नावाचा वेगळा प्रकारच काढला. हे हौसेचे एकटेपण. माझे तसे नाही. मी एकटा आहे तो घड्याळामुळे, यंत्रमागावरच्या पोरासारखा. मला त्या खेळातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे 'टूम्ब्स ऑफ अमास्कट' नावाची रेड आली. ती एकापासून आठ जणांपर्यंत कितीही जणांनी करावी. माणसे किती त्या मानाने शत्रूचे बळ ठरते. शिवाय अटी आपणच वाढवायच्या. जितक्या कठीण अटी, तितकी दुर्मीळ वस्तू निघण्याची शक्यता जास्त. आठ जण गेले तर ती शक्यता आठांत वाटली जाते, एकटा गेला तर सगळी त्याची. वस्तू मात्र तीच. गणिताच्या शिक्षकाला याहून नेटका हिशेब काय हवा?

वॉरक्राफ्टवाल्यांनाही उशिरा का होईना सुचले. ऑगस्ट २०२४ मध्ये 'डेल्व्ह्ज' नावाची छोटी भुयारे आली. एकट्याने जा, ब्रान नावाचा एक बडबड्या बुटका सोबतीला मिळतो, त्याला हवे तर हकीम करा, हवे तर लढवय्या. पंधरा-वीस मिनिटांत एक भुयार होते. मुलांचा अभ्यास घेऊन, भांडी घासून झाल्यावर बसणाऱ्या माणसाला हे परवडते. त्या पहिल्या हंगामात आठव्या पातळीच्या भुयारातून ६०३ आकड्याचे गिअर मिळे, आणि आठवड्याच्या तिजोरीतून ६१६ चे. विसांच्या रेडमधले गिअर ६३९ पर्यंत जाई. म्हणजे जिना अजून तुटलेलाच, पण तुटका भाग खूप वर सरकला. रेडवाल्यांनी कुरकुर केली की आता गिल्डची गरज कोणाला उरली? ही भीती अगदीच खोटी नाही. भुयारात मी आठवडे काढले आणि एका जिवंत माणसाशी बोललो नाही. जुन्या गिल्डमधला एक जण, ट्रक चालवायचा, प्रत्येक रेडनंतर मला "शिक्षक, आता झोप" असे लिहायचा. ते ब्रान लिहीत नाही.

मुलगा रविवारी दुपारी येतो. रात्रपाळी करून चार तास झोपलेला असतो. बीजगणित चांगले आहे, भूमिती कच्ची. फॉर्म भरल्याची पावती त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या ट्रंकेत ठेवली आहे. एकदा माझा लॅपटॉप उघडा राहिला होता. त्याने विचारले, "सर, ये कौन है?" मी म्हणालो, "मैं." त्याने चिलखताकडे बराच वेळ पाहिले, मग म्हणाला, "जूते मॅच नहीं होते."

बरोबर होते. आठवड्याची तिजोरी आपल्याकडे बुधवारी सकाळी साडेनऊला उघडते, म्हणजे मी शाळेला निघायच्या आधी. आठ भुयारे केली की तीन वस्तूंतून एक निवडायला मिळते. गेले दोन महिने मी बुटांची वाट पाहतो आहे. या बुधवारी घाईघाईत उघडली. दोन हातमोजे आणि एक कमरपट्टा. बायको दारात डबा घेऊन उभी होती. म्हणाली, "निकला क्या जूता?" मी मान हलवली आणि गाडीची किल्ली घेतली.