तुटलेल्या केसांची सांधणी

केसांविषयी लिहावयाचे म्हटले की घरातील पुरुषमंडळी हसतात आणि वृद्ध स्त्रिया नाक मुरडतात. शेतीभातीचे, मुलांच्या शिक्षणाचे, दुखण्याबाण्याचे इतके प्रश्न पुढे उभे असताना अशा क्षुल्लक विषयावर शाई कशाला खर्ची घालावी, असे कोणी विचारील. परंतु ज्या घरात उपवर मुलगी आहे त्या घरात हा विषय क्षुल्लक नसतो, हे आम्ही आमच्या भाचीच्या निमित्ताने जवळून पाहिले आहे. शिवाय आता या विषयाला पैशाची बाजूही येऊन चिकटली आहे. तुटलेले केस आतून सांधून देतो असे सांगणाऱ्या 'बाँड बिल्डर' नावाच्या बाटल्यांच्या जाहिराती खेड्यापाड्यांतील मुलींच्या मोबाइलवर रोज झळकतात. ही बाटली घ्यावी की न घ्यावी, आणि घेतलीच तर तिच्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी, हे समजून घेताना आम्हांस जे कळले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

हकिगत थोडक्यात अशी. आमची भाची शहरात नोकरीस आहे. लग्न ठरल्यावर तिने तेथील एका पार्लरमध्ये केसांना सोनेरी झाक करून घेतली. तिचे केस जात्याच काळेभोर व दाट. त्यांवर झाक उठून दिसावी म्हणून एकाच बैठकीत दोनदा ब्लीच लावण्यात आले. आठ दिवसांत केसांची तकाकी गेली. ओले असताना ते रबरासारखे ताणले जाऊ लागले आणि फणी फिरवली की वीतवीतभर तुकडे हातात येऊ लागले. लग्नाला चार महिने उरले होते. पार्लरवाल्यांनी उपाय सांगितला की, सहा बैठकांत 'बाँड'चा उपचार पुरा करा, केस पूर्ववत होतील. त्यासाठी त्यांनी जो आकडा सांगितला, तो आमच्या बहिणीने पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्यासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेएवढा होता.

गावी आल्यावर मुलीने डोक्यावरची ओढणी सोडली नाही. शेजारणींनी उपदेशाला कमी केले नाही. देवाने दिलेले काळे केस रंगवायला कोणी सांगितले होते, हा त्या उपदेशाचा सूर. एके रात्री ती आम्हांस म्हणाली, "मामा, चूक कोणाची ते सगळे सांगतात. हे केस पुन्हा जुळतात की नाही, तेवढे कोणी सांगत नाही." प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर शोधणे आम्हांस भाग पडले.

प्रथम एक गोष्ट मनात पक्की धरावयास हवी. केसाचे मूळ तेवढे जिवंत असते. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. बोट कापले तर जखम भरून येते, कारण तेथे रक्त आहे, जिवंत पेशी आहेत. केसाला यांपैकी काहीच नाही, म्हणून तो आपला आपण कधीच बरा होत नाही. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत केस असलेल्या स्त्रीच्या वेणीचे टोक पाचसहा वर्षांचे जुने असते. तेवढ्या काळाचे ऊन, वारा, साबण आणि फणीचे ओरखडे त्या टोकाने सोसलेले असतात.

केसाची घडण बाहेरून कौलारू घरासारखी असते. एकावर एक चढलेले बारीक खवले कौलांप्रमाणे आतील भागाचे रक्षण करतात. त्या छपराखाली केराटीन नावाच्या प्रथिनाच्या लांबच लांब साखळ्या असतात, आणि केसाचे सारे बळ त्यांत असते. या साखळ्या एकमेकींना दोन प्रकारच्या बंधांनी मुख्यत्वे धरून ठेवतात. एक बंध हलका; तो पाण्याने सुटतो आणि केस वाळला की पुन्हा बसतो. म्हणूनच ओला केस अधिक ताणतो व लवकर तुटतो. दुसरा बंध गंधकाचा, आणि तो फार बळकट. केस जळताना जो उग्र दर्प येतो, त्यात या गंधकाचा मोठा वाटा असतो. बांबूच्या शिडीचे उदाहरण घ्यावे. दोन उभे बांबू म्हणजे केराटीनच्या साखळ्या, आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या काठ्या म्हणजे गंधकाचे बंध. आडव्या काठ्या गेल्या की उभे बांबू शाबूत असूनही शिडी कामाची राहत नाही.

ही आतली रचना उलगडण्यास मेंढीच्या लोकरीच्या अभ्यासाचे मोठे साह्य झाले. इंग्लंडातील लीड्स हे लोकरीच्या कापडाचे गाव. तेथील विद्यापीठात विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी १९३०च्या दशकात क्ष-किरणांच्या साह्याने लोकर व केस यांचा अभ्यास करून केराटीनच्या साखळ्या ताणल्यावर कशा बदलतात, हे दाखविले. मात्र केसांची मोडतोड करण्याचा उद्योग त्याच्याही आधीचा. कार्ल नेसलर या जर्मन केशकाराने १९०६च्या सुमारास लंडनमध्ये सरळ केस कायमचे कुरळे करण्याची कृती लोकांपुढे आणली. त्याने आरंभीचे प्रयोग आपल्या पत्नीच्या डोक्यावर केले आणि त्यांत तिचे केस जळाले, कातडीही भाजली. पुढे १९३८ साली अमेरिकेत अर्नॉल्ड विलॅट यांनी उष्णतेवाचून केस कुरळे करण्याची कृती काढली. अशा थंड कृतींत एक रसायन गंधकाचे बंध सोडविते आणि दुसरे त्यांना नव्या आकारात पुन्हा बांधते. बांधणी अपुरी राहिली की केस कमजोर होतो.

ब्लीचची तऱ्हा याहून कठोर आहे. केसाचा काळा रंग घालविण्यासाठी वापरलेले हायड्रोजन पेरॉक्साइड रंगापाशी थांबत नाही. ते गंधकाच्या बंधांनाही खाते. काही बंध नुसते तुटतात, आणि काही असे बदलून जातात की त्यांची टोके पुन्हा जुळूच शकत नाहीत. शिडीची आडवी काठी मोडली तर दोन तुकडे सुंभाने बांधता येतात. वाळवीने खाल्ली तर सुंभ बांधावयास जागाच उरत नाही.

आता बाटलीकडे वळू. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील क्रेग हॉकर आणि एरिक प्रेसली या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी एक पदार्थ शोधला, आणि २०१४ साली तो 'ओलाप्लेक्स' या नावाने बाजारात आला. तुटलेल्या बंधांच्या गंधकयुक्त टोकांना दोन्हीकडून धरून हा पदार्थ मध्ये नवा दुवा घालतो, असे त्याच्या कर्त्यांचे म्हणणे. आरंभी तो केवळ पार्लरमध्ये ब्लीचबरोबर वापरला जाई. पुढे घरी लावण्याची बाटली निघाली. ती आठवड्यातून एकदा ओलसर केसांना लावून निदान दहा मिनिटे ठेवावयाची व मग केस धुवावयाचे. त्यानंतर इतर कंपन्या आल्या. कोणी प्रथिनाचा बारीक तुकडा वापरतात, तर कोणी सायट्रिक आम्लासारखी सौम्य आम्ले. हे पदार्थ केसात नेमके कोणत्या रीतीने काम करतात, याबद्दल शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. परंतु यांच्या योगाने ब्लीच केलेले केस विंचरताना कमी तुटतात व हाताला मऊ लागतात, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

मग केस पूर्ववत होतात काय? नाही. ही बाटली काही तुटलेल्या बंधांना आधार देते; खाऊन गेलेले बंध ती परत आणीत नाही. फाटलेली टोके तात्पुरती बसतात, पण पुन्हा उकलतात. बाहेरचे उडालेले खवले नव्याने उगवत नाहीत. लाभ टिकवावयाचा तर लावणे चालू ठेवावे लागते, आणि मध्येच पुन्हा ब्लीच केले तर सारे मुसळ केरात. 'पूर्ववत करून देतो' असे जो गोड शब्दांत सांगतो, तो शब्दशः केसाने गळा कापतो, असे आम्हांस वाटते.

येथे आणखी एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. पार्लरच्या एकाच फलकावर 'बाँड', 'केराटीन', 'स्मूदनिंग' अशी नावे शेजारीशेजारी लिहिलेली असतात व भोळ्या माणसाला ती एकच वाटतात. ती एक नव्हेत. केराटीनच्या नावाने केस सरळ करणाऱ्या कित्येक लेपांत फॉर्मल्डिहाइड असते किंवा तापविल्यावर ते सुटते; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली हा पदार्थ माणसात कर्करोग करणारा ठरविला आहे. त्याच्या जागी आलेले ग्लायॉक्झिलिक आम्लही निर्धोक नाही. अशा आम्लाच्या लेपाने केस सरळ करून घेतल्यावर दर खेपेस, म्हणजे तीन वेळा, एका तरुणीची मूत्रपिंडे बिघडल्याची हकिगत फ्रान्समधील डॉक्टरांनी २०२४ साली प्रसिद्ध केली. म्हणून लेपाचे नाव काय आणि त्यात काय आहे, हे विचारल्यावाचून डोके पुढे करू नये. विचारल्यावर उत्तर टाळले गेले तर उठून यावे.

आता आपल्या घरच्या वस्तूविषयी. आपल्याकडे कित्येक घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी वधूवरांना नारळाचा रोस लावतात. नारळाचा आणि केसांचा संबंध मात्र विधीपुरता नाही. मुंबईच्या आरती रेळे व आर. बी. मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला की, धुण्यापूर्वी वा धुतल्यानंतर लावले असता केसातील प्रथिनांची झीज या तिघांपैकी एकटे खोबरेलच कमी करते, मग केस धडके असोत की बिघडलेले. खोबरेलातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरतात. अर्थात खोबरेलही तुटलेले बंध जोडीत नाही. आजीने लावलेले तेल उरलेले राखते, एवढे श्रेय तिला अवश्य द्यावे.

हे सारे आम्ही बहिणीपुढे व भाचीपुढे मांडले. सहा बैठकांचा बेत रद्द झाला. एक बाटली मात्र आणली. तिची किंमत मजुराच्या कित्येक दिवसांच्या रोजीएवढी होती, तरी ती आणू नये असे आम्ही म्हटले नाही. केस खांद्यापर्यंत कापण्याचा निर्णय भाचीने स्वतः घेतला आणि कापताना ती रडली. त्यानंतर आठवड्यातून एकदा बाटलीतील लेप, धुण्याच्या आदल्या रात्री खोबरेल, रुंद दातांची लाकडी फणी, आणि तापत्या इस्त्रीला पूर्ण बंदी, असा क्रम तिने निष्ठेने पाळला. चार महिन्यांत केसांचे तुटणे पुष्कळ कमी झाले. पहिली तकाकी काही आली नाही. मुळाशी चारेक सेंटिमीटर नवे काळे केस मात्र आले, आणि लग्नाच्या दिवशी आखूड केसांवर मोगऱ्याची फुले व जाळी घालून ती उभी राहिली. घरही पावसापूर्वी शाकारून झाले.

वाचकांस सांगावयाचे ते इतकेच. घरात कोणाचे केस जाऊ लागले तर प्रथम गळालेला केस उजेडात पाहावा. टोकाला बारीकसा पांढरा ठिपका असेल तर तो मुळापासून गळाला आहे. असे पन्नास ते शंभर केस रोज जाणे स्वाभाविक होय. त्याहून फार अधिक जात असतील तर रक्तक्षय, थायरॉइड, मोठा ताप किंवा बाळंतपण यांचा संबंध असू शकतो. तेथे बाटलीचा उपयोग नाही, डॉक्टरांकडे जावे. मधूनच तुटलेले तुकडे असतील तर वर सांगितलेला मार्ग धरावा: ब्लीच व इस्त्री थांबवावी, ओल्या केसांतून फणी ओढू नये, गुंता टोकाकडून सोडवीत वर जावे, फाटलेली टोके कापावीत. ऐपत असेल तर बाटली आणावी, पण ओळखीच्या दुकानातून व सीलबंद पाहून. नसेल तर कर्ज काढू नये, कारण खरा नवा केस मुळातूनच येतो आणि त्याला महिन्याला सेंटिमीटर एवढाच वेग ठाऊक आहे.

आणि त्या काळात मुलीला टोचून बोलू नये. तिच्या वाट्याला आरशातले दुःख पुरेसे असते. तिच्याजवळ बसून तेल लावून देणारा हात घरात असला, तर चार महिने फार लांब वाटत नाहीत.