बोंजूर-हाय

मॉन्ट्रियलमध्ये दुकानात शिरलं की काउंटरवरून आवाज येतो, "बोंजूर-हाय!" तुम्ही ज्या भाषेत उत्तर द्याल ती पुढे चालते. क्युबेकच्या विधानसभेने 2017 मध्ये एकमताने ठराव करून दुकानदारांना विनवलं, की नुसतं "बोंजूर" म्हणा. मला तेव्हा हसू आलं होतं. एवढ्याशा 'हाय'ची एवढी भीती?

मी बेल्याचा. पैनगंगेच्या अल्याड तेलंगण, पल्याड यवतमाळ. आजोबा निजामाच्या राज्यात उर्दू शिकले. 1956 मध्ये आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यातलं राजुरा मुंबई राज्यात गेलं, बेला आंध्रात राहिलं. जमिनीची पहाणी, म्हणजे उतारा, तेलुगूत येऊ लागली, तर बाबा तेलुगू शिकले. घरात मराठी, मंडल कचेरीत तेलुगू, बाजारात दख्खनी. जीभ वळवायची ही सवय मला इथे मॉन्ट्रियलमध्ये कामी आली. दोन हिवाळ्यांत फ्रेंच बोलू लागलो. ऑफिसात कौतुक झालं, मीही फुगलो.

इथले फ्रेंच मात्र वळायला तयार नाहीत. 1977 च्या कायद्याने स्थलांतरितांच्या मुलांना फ्रेंच शाळेतच घातलं. 2022 च्या कायद्याने, काही अपवाद सोडले, तर नवख्या माणसाशी सहा महिन्यांनंतर सरकार फ्रेंचमध्येच बोलतं. कटकट आहे, खोटं कशाला बोलू! इथल्या एका कचेरीचं पत्र नीट न कळल्याने मी एकदा दंडही भरलाय.

पण त्यांच्या हट्टाला कारण आहे. 1840 ते 1930 या काळात इथले सुमारे नऊ लाख लोक पोटासाठी अमेरिकेत गेले, त्यातले कितीतरी लोवेल, मँचेस्टरच्या कापड गिरण्यांत. (कापूस माणसाला कुठवर ओढत नेतो, हे आम्हा पऱ्हाटीवाल्यांना कोण सांगणार!) तिथे त्यांनी फ्रेंच शाळा काढल्या, चर्च बांधली, वर्तमानपत्रं चालवली. तरी नातवंडं-पतवंडं इंग्रजीत गेली. आडनावं तेवढी फ्रेंच उरली. त्यांतल्या एकेकाचं काही चुकलं, असं मला म्हणवत नाही. पगार इंग्रजीत मिळत होता.

आमच्याकडेही कुणाचं चुकलं नाही. तेलुगूशिवाय नोकरी नाही, म्हणून शहाण्या बापाने पोराला मराठी शाळेतून काढलं. शेजाऱ्याने ते पाहिलं. मग वर्गात बाकं जास्त, पोरं कमी. ज्या लवचीकपणाने घरं वर आली, त्यानेच शाळा बसली. 2018 पासून तेलंगणात शाळांमध्ये तेलुगू सक्तीची आहे. क्युबेकचा तोच हट्ट मला शहाणपणाचा वाटतो आणि हैदराबादचा जाचतो, हे माझं मलाच अवघड जातं.

माझी मुलगी फ्रेंच शाळेत, बेल्यातला पुतण्या इंग्रजी माध्यमात. रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघं भराभरा इंग्रजीत बोलतात. पुतण्याशेजारी बसलेली आई स्क्रीनकडे बघत मला विचारते, "काय म्हणते थे?"

मी सांगतो.