वाघ घ्या की अस्वल?

मुंबईहून कोलकात्याला जाणारा मोठा रस्ता भंडारा सोडून पूर्वेकडे निघाला, की लाखनीनंतर आमची साकोली लागते. पूर्वी या रस्त्याला सहा नंबरचा हायवे म्हणत, आता त्याचा नंबर त्रेपन्न झाला आहे. पण म्हातारी माणसं अजून सहाच म्हणतात. उत्तरेला नागझिऱ्याचं जंगल, दक्षिणेला थोडं लांब नवेगावबांधचा तलाव, आणि मध्ये जिकडे बघाल तिकडे धानाच्या बांध्या, बोड्या आणि मामा तलाव. मामा तलाव म्हणजे कुणाच्या मामाचा नव्हे बरं का! माजी मालगुजारी तलाव, त्याचं हे लाडकं नाव.

आमच्या शाळेचं मैदान पावसाळ्यात अर्धं तळंच असतं. उरलेल्या अर्ध्यात खो-खो चालतो. आणि खो-खोच्या आधी चालतं ते गडी वाटणं. तुम्हीही केलं असेल. दोन कप्तान उभे राहतात. बाकीचे दोघं दोघं गळ्यात हात घालून दूर जातात, कानात कुजबुजतात आणि परत येऊन विचारतात, “वाघ घ्या की अस्वल?” कप्तानाला ठाऊक नसतं वाघ कोण आणि अस्वल कोण. नशिबात असेल तो गडी मिळतो. मला ही रीत फार आवडते, कारण जोडीला दोघं बरोबरीचेच जातात, म्हणजे संघही बरोबरीचे होतात.

पण माझ्या वर्गात मुलं तेवीस. दोन कप्तान वगळले की राहिले एकवीस. दहा जोड्या झाल्या आणि एक उरला. आता तो एक दररोज वेगळा असता तर काही बिघडलं नसतं. पण रोज उरायची ती एकच मुलगी. लहान चणीची, हळू पळणारी. तिच्या गळ्यात हात घालायला कुणी येतच नसे. एक दिवस ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. रडली वगैरे नाही. नुसतं म्हणाली, “सर, मी तं आजही उरली.” आणि मग विचारलं, “मोठ्या लोकायच्या टीममध्येबी असंच वाटतात का?”

प्रश्न चांगला होता. मला नीट उत्तर देता आलं नाही. त्या उन्हाळ्यात मात्र योग आला.

आम्ही घरची मंडळी अमृतसरला निघालो होतो. साकोलीहून एसटीनं गोंदिया, आणि गोंदियाहून छत्तीसगड एक्सप्रेस. गाडी न बदलता थेट पंजाब! दोन रात्री गाडीत. नागपूर गेलं, सातपुड्याचे डोंगर गेले, भोपाळ, झाशी, आग्रा, दिल्ली… आमचा मुलगा प्रत्येक स्टेशनचं नाव वहीत लिहीत होता; त्यातली निम्मी नावं चुकीची होती. पंजाबात शिरलो तेव्हा गव्हाची कापणी होऊन गेली होती आणि शेतं पिवळी, मोकळी पडली होती. आपल्या बांध्या कशा ओंजळीएवढ्या असतात! तिथं एकेक शेत नजर पोचेल तिथपर्यंत. गंमत म्हणजे तिथंही पावसाळ्यात भात लावतात, रग्गड लावतात. पण ताटात मात्र पोळीच. आमच्या सौभाग्यवतींना भाताविना दोन दिवस काढणं फार जड गेलं.

अमृतसरच्या आधी आम्ही लुधियान्याला उतरलो. सायकली आणि लोकरीचे स्वेटर यांचं हे गाव. तिथं मला एकच गोष्ट बघायची होती, गुरू नानक स्टेडियम. घरच्यांनी कपाळाला हात लावला. सुवर्णमंदिर सोडून स्टेडियम कसलं बघता! पण आले सगळे.

सकाळची वेळ होती. आत बास्केटबॉलचा सराव चालला होता. मुलं अशी उंच, की आमचा मुलगा त्यांच्या कंबरेला येत होता. चेंडू आपटल्याचा धप धप आवाज, बुटांची चिरचिर, आणि मध्येच प्रशिक्षकांची शिट्टी. एक मुलगा एकाच जागेवरून चेंडू टाकत होता. पडला की उचलायचा, पुन्हा टाकायचा. मी मोजायला लागलो आणि पन्नासाच्या पुढे कंटाळून सोडून दिलं. तो कंटाळला नव्हता.

इथंच लुधियाना बास्केटबॉल अकादमी चालते. बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के नावाच्या छोट्या खेड्यातला सतनाम सिंग लहान असताना इथं आला. वडील शेतकरी, तेही सात फुटांच्या आसपास उंच. सुब्रमण्यम नावाचे दक्षिणेकडचे प्रशिक्षक इथं मुलांना घडवत होते. २०१३ साली ते वारले. सतनाम चौदाव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत फ्लोरिडाला गेला. आणि २५ जून २०१५ च्या रात्री न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात त्याचं नाव पुकारलं गेलं. अमेरिकेतल्या एनबीए या सर्वांत मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू! उंची सात फूट दोन इंच.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. तिकडे गडी कसे वाटतात?

आपल्याकडे क्रिकेटच्या आयपीएलमध्ये लिलाव होतो, ज्याच्याकडे पैसे जास्त तो बोली वाढवतो. एनबीएत नव्या मुलांचा लिलाव होत नाही. तिथं असतो ड्राफ्ट. तीस संघ ओळीनं बसतात आणि एकेक नाव घेतात. दोन फेऱ्या, साठ नावं, संपलं. आणि पहिलं नाव कोण घेतं माहीत आहे? जिंकलेला संघ नव्हे. आदल्या वर्षी जे खूप हरले, त्यांचा मान आधी! म्हणजे दुबळ्याला चांगला गडी मिळावा आणि पुढच्या वर्षी सामना रंगावा. आपल्याकडेही २०२२ साली अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली तेव्हा पुण्यात खेळाडूंचा असाच ड्राफ्ट झाला होता.

अमेरिकेत ही मुलं बहुतेक कॉलेजांतून येतात. तिथलं कॉलेजचं बास्केटबॉल म्हणजे आपलं गॅदरिंग नव्हे. लेक्सिंग्टन गावातल्या केंटकी विद्यापीठाचा सामना बघायला वीस हजारांवर माणसं जमतात! २०१४-१५ च्या मोसमात या केंटकीकडे इतके चांगले खेळाडू झाले, की सुरुवातीला त्यांचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या करून आळीपाळीनं उतरवत. ओळीनं अडतीस सामने जिंकले. एकोणचाळिसावा, उपांत्य फेरीचा, विस्कॉन्सिनकडून हरले आणि विजेतेपद गेलं. इतकं करून हाती काही नाही.

त्यांच्यातल्या सात जणांनी ड्राफ्टसाठी नावं दिली. म्हणजे सतनामचं नाव पुकारलं गेलं त्याच रात्री एकाच कॉलेजची सात मुलं आपलं नाव यादीत येतंय का याची वाट बघत होती. पहिल्या क्रमांकावर कार्ल-अँथनी टाउन्स. सहावा विली कॉली-स्टाइन. बारावा ट्रे लाइल्स, तेरावा डेव्हिन बुकर. पुढे बराच वेळ केंटकीचं नाव नाही. मग चव्वेचाळिसावा अँड्र्यू हॅरिसन आणि अठ्ठेचाळिसावा डकारी जॉन्सन. बावन्नावा आपला सतनाम, डॅलस मॅव्हरिक्स संघानं घेतलेला. साठ नावं झाली. सातवा मुलगा उरला.

तो होता अ‍ॅरन हॅरिसन. अँड्र्यूचा जुळा भाऊ!

विचार करा. एकाच दिवशी जन्मलेले, एकाच घरात वाढलेले, एकाच कॉलेजकडून खेळलेले. शिवाय आदल्या वर्षी स्पर्धेच्या अटीतटीच्या सामन्यांत शेवटच्या क्षणी चेंडू टाकून केंटकीला जिंकवलं होतं ते याच अ‍ॅरननं. आणि भावाचं नाव आलं, त्याचं नाही. त्या रात्री त्या दोघांच्या घरी जेवणं कशी झाली असतील, कोण जाणे.

पण गोष्ट तिथं संपली नाही. ड्राफ्टमध्ये न आलेल्या मुलाला कुठल्याही संघाशी करार करता येतो. अ‍ॅरनला शार्लट हॉर्नेट्सनं घेतलं आणि त्याच मोसमात तो एनबीएच्या सामन्यात उतरलासुद्धा. निवडला गेलेला अँड्र्यू त्या वर्षी खालच्या लीगमध्ये खेळत होता. त्याची पाळी २०१६ साली आली. तेराव्या नंबरच्या बुकरची तर कमालच. केंटकीच्या एकाही सामन्यात तो पहिल्या पाचांत नव्हता, दरवेळी बाकावरून उठून यायचा. त्यानं मार्च २०१७ मध्ये बोस्टनविरुद्ध एकट्यानं सत्तर गुण केले, आणि टोकियो व पॅरिस या दोन ऑलिंपिकची सुवर्णपदकं त्याच्याकडे आहेत.

आणि सतनाम? खरं ते सांगायला हवं. तो खालच्या लीगमध्ये टेक्सास लेजंड्सकडून खेळला, पण एनबीएच्या मुख्य सामन्यात त्याला एकदाही उतरता आलं नाही. पुढे बंदी असलेलं द्रव्य चाचणीत सापडल्यामुळे २०२० साली त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. त्यानंतर तो अमेरिकेत टीव्हीवरच्या कुस्तीत गेला. लुधियान्याच्याच पालप्रीत सिंग ब्रारला २०१६ मध्ये खालच्या लीगच्या ड्राफ्टमध्ये लाँग आयलंड नेट्सनं निवडलं. इथंच शिकलेला प्रिन्सपाल सिंग २०२१ साली सॅक्रामेंटो किंग्जच्या ज्या संघात होता त्यानं एनबीएची उन्हाळी लीग जिंकली. आणि अमृतपाल सिंग २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सिडनी किंग्जपर्यंत पोचला. हा अमृतपाल आधी कबड्डी खेळायचा! हे ऐकून आमचे कबड्डीवाले किती खूश झाले म्हणून सांगू. दिवाळीनंतरच्या मंडईत रात्र रात्र कबड्डी बघणारी पोरं ती.

जुलैत शाळा भरली. रोवण्याचे दिवस, निम्मी मुलं बांधीवर. एकदा पाऊस थांबला तेव्हा मी वर्गाला हे सगळं सांगितलं. मुलांनी लगेच ठरवलं, आपणही ड्राफ्ट करायचा. काल हरलेला संघ आज पहिलं नाव घेणार.

तीन दिवस छान चाललं. चौथ्या दिवशी शंका आली. एक तुकडी भराभर बाद होत होती. धावायचं सोडून हळूच थांबायची आणि गालात हसायची. विचारलं तर कळलं, वर्गात सगळ्यात जोरात पळणारा मुलगा दुसऱ्या दिवशी आपल्याला मिळावा म्हणून ते मुद्दाम हरत होते!

मी हसू आवरेना. कारण अमेरिकेतही नेमकी हीच शंका आली होती. पूर्वी तिथं तळाच्या दोन संघांत नाणं उडवत. संघ मुद्दाम हरतात अशी कुजबुज वाढली, म्हणून १९८५ सालापासून पहिल्या नंबरासाठी सोडत काढू लागले. आधी लिफाफे होते, मग यंत्रातले चेंडू आले. आम्ही चिठ्ठ्या केल्या. हरलेल्यांच्या तीन, जिंकलेल्यांची एक. आता हरून पहिलं नाव मिळेलच याची खात्री नाही. सगळे पुन्हा जीव तोडून पळायला लागले.

राहिली ती शेवटची. ड्राफ्टमध्ये कुणी उरत नाही हे खरं, पण एकविसावं नाव रोज तिचंच. तिनंच एक दिवस हात वर केला. “सर, आज ज्याचं नाव शेवटी येईन तो उद्या कप्तान, असं करा न.” वर्गानं थोडी कुरकुर केली, पण मत घेतलं तर बहुमत तिच्या बाजूनं पडलं.

दुसऱ्या दिवशी ती कप्तान. चिठ्ठीही तिच्याच बाजूनं निघाली. पहिलं नाव तिला घ्यायचं होतं. मला वाटलं, आपल्या मैत्रिणीला घेईल, नाहीतर आपल्यासारख्याच कुणा मागे राहणाऱ्याला. तिनं एक क्षणही न थांबता बोट दाखवलं ते त्या जोरात पळणाऱ्या मुलाकडे. रोज तिला शेवटपर्यंत उभी ठेवणारा तोच.

मी म्हटलं, “अगं, त्याला?”

“त् काय झालं, सर? चांगला पळते न तो.”