उष्णतेचा हिशेब

आमच्या अभ्यासिकेत शब्दकोशांच्या मांडणीशेजारी पत्त्यांच्या कॅटाएवढी एक हिरवी फळी अहोरात्र गणित करीत असते. तिला पडदा नाही, कळफलक नाही. आमची पत्रे, आमची टिपणे यांच्याशीही तिला काही कर्तव्य नाही. दूरच्या एका प्रकल्पाकडून आकड्यांचा तुकडा मागून घ्यायचा, काही तास तो चाळायचा आणि निकाल परत धाडायचा, एवढेच तिचे काम. साहित्य शिकवणाऱ्या माणसाने हा उद्योग कशासाठी करावा, असे स्नेही विचारतात. त्याचे उत्तर देण्याच्या निमित्ताने आमच्याच एका चुकीचा हिशेब मांडावा म्हणतो.

घरोघरच्या संगणकांनी विज्ञानासाठी श्रमदान करावे ही कल्पना लोकप्रिय झाली ती सेटी ॲट होममुळे. १७ मे १९९९ रोजी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून हा प्रकल्प सुरू झाला. दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ लहरींत परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांची खूण सापडते का, हे घरचे संगणक मालक चहाला उठला की तपासून पाहत. ३१ मार्च २०२० रोजी त्या प्रकल्पाने नवे काम वाटणे थांबवले. पण तोवर वाट रुळली होती. २००५ साली सुरू झालेल्या आइन्स्टाइन ॲट होमने २०१० मध्ये एक अज्ञात स्पंदक तारा शोधून काढला. सेकंदाला सुमारे ४१ गिरक्या घेणारा हा तारा ज्या संगणकांना गवसला, त्यांपैकी एक अमेरिकेतील आयोवा राज्यात एका दांपत्याच्या घरी होता आणि दुसरा जर्मनीत.

यात एक भेद आम्हांला फार उशिरा उमगला. आरंभीचे स्वयंसेवक आपल्या यंत्राचा फावला वेळ देत. घरात उरलेले पानात वाढावे तसे ते दान होते. आम्ही मात्र केवळ याच कामासाठी यंत्र विकत आणले. म्हणजे चूल मुद्दाम पेटवली. मग जळणाचा जाब आमच्याकडेच आला.

निवड करताना आम्ही आधी स्वस्ताईकडे पाहिले. २०१६ चे रास्पबेरी पाय ३ हाताशी होते. त्याला चार गाभे, पण रॅम एकच गीगाबाइट. प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणारे रोझेटा ॲट होम एकेका कामाला कधीकधी एवढी रॅम एकटेच मागते. चार गाभ्यांपैकी तीन उपाशी राहणार हे उघड होते. शिवाय २०२० साली रोझेटाने अशा फळ्यांना दार उघडले तेही चौसष्ट बिटांची प्रणाली असेल तरच. शेवटी पाय ४ घेतले, चार गीगाबाइटांचे, आणि त्याला आइन्स्टाइनचे काम दिले. पूर्ण भाराखाली पंखा धरून ते सुमारे ७ वॅट घेते. महिन्याला ५ युनिटे. आमचा जुना टेबलावरचा संगणक शंभर वॅट घेई. तो अहोरात्र चालवला तर महिन्याला ७२ युनिटे झाली असती. एखादे चांगले ग्राफिक्स कार्ड आमच्या फळीचे दिवसभराचे काम फार थोड्या वेळात उरकते, हेही ठाऊक होते. पण आम्हांला वर्षभर झेपेल असे काही हवे होते.

झेपण्याचा प्रश्न खरा उष्णतेचा. ही चिप ८० अंशांना पोचली की आपणहून वेग कमी करते आणि ८५ च्या पुढे जाऊ नये म्हणून तो आणखी आवरते. बंद प्लॅस्टिकच्या डबीत ती थोड्याच वेळात ऐंशीला टेकली. डबी काढली, ॲल्युमिनियमचा पंखेदार ठोकळा चिपेवर चिकटवला, फळी आडवी होती ती उभी केली, म्हणजे तापलेली हवा वर चढायला वाट मिळावी. शेवटी एक लहान पंखा बसवला. जानेवारीत आकडा पन्नासच्या आसपास स्थिरावला आणि आम्ही स्वतःवर खूश झालो.

या खुशीतच चूक झाली. प्रत्येक कामाला गुण मिळतात, त्यांची यादी जगाला दिसते. थंडी आहे, पंखा आहे, असे पाहून आम्ही चिपेचा वेग १.५ गीगाहर्ट्झवरून २ वर नेला. गुण वाढले. मार्चअखेर आमचे काही निकाल अवैध ठरू लागले. एकच तुकडा दोन वेगळ्या घरी दिला जातो. दोन्ही उत्तरे जुळली तरच ती ग्राह्य, न जुळली तर तिसऱ्याकडे तोच तुकडा जातो. म्हणजे आमच्या हावेपायी कुणा अनोळखी माणसाची वीज दुसऱ्यांदा जळत होती.

ही पद्धत आपल्या क्षेत्राला परकी नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तिच्यामागे शेकडो हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहणाऱ्यांचे असेच अनाम कष्ट आहेत. तिथे निष्काळजीपणे टिपलेला एक पाठ पुढच्या माणसाचे श्रम वाया घालवतो. वर्गात हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. घरी मात्र गुणांच्या मोहात विसरलो. त्याच रात्री वेग पूर्ववत केला.

पण खरा धडा मे महिन्याने दिला. आम्ही नागपुरात राहतो. माठातले पाणी खोलीहून गार होते, कारण माठ पाझरतो आणि पाझरलेले पाणी उडून जाताना उष्णता नेते. ॲल्युमिनियमचा ठोकळा पाझरत नाही. पंखा कितीही फिरवा, तो खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. जानेवारीत खोली वीस अंशांवर होती, मे महिन्याच्या दुपारी बेचाळीसवर. मधले बावीस अंश चिपेच्या आकड्यात जवळजवळ जसेच्या तसे चढले. एका दुपारी बाहेर निघताना आमचा हात कूलरच्या बटणावर थबकला. रिकाम्या खोलीत तो चालू ठेवायचा होता, फळीसाठी. सात वॅटांचे दान जगावे म्हणून दीडशेहून अधिक वॅटांचा कूलर! आणि कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्या काही आमच्यापासून फार लांब नाहीत. तिथे कोळसा जळतो तो कुणाच्या सद्हेतूची चौकशी करून जळत नाही.

आम्ही कूलर बंद केला आणि फळीही.

आता एप्रिलच्या मध्यापासून मृगाच्या पहिल्या पावसापर्यंत तिला सुटी असते. तेवढ्या दिवसांत ठोकळ्याच्या फटींतली धूळ रंगाच्या जुन्या कुंचल्याने झाडतो. तिच्या वाट्याला आले ते बरेचसे तुकडे अरेसिबोच्या दुर्बिणीचे होते. ती दुर्बीण १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली. तिने टिपून ठेवलेले मात्र अजून वाचून व्हायचे आहे. आजवर आम्हांला एकही तारा सापडलेला नाही. "येथे काही नाही" एवढेच आम्ही शेकडो वेळा कळवले आहे, आणि दर वेळी कुठल्याशा अनोळखी घरातून त्याला दुजोरा आला आहे. स्नेह्यांच्या प्रश्नाला आमच्याजवळ एवढेच उत्तर आहे.